संगणकीय औषधरचना व सहसंशोधन (बेळगाव परिसर)

रोगाशी संबंधित प्रथिनाची त्रिमितीय रचना संगणकावर घेऊन तिच्या खाचेत कोणता रेणू बसेल, हे प्रयोगाआधी अजमावण्याची पद्धत. प्रथिनांच्या रचना १९७१ पासून प्रोटीन डेटा बँकेत साठत आल्या असून त्या सर्वांना खुल्या आहेत. ऑटोडॉक व्हिनासारखी डॉकिंगची (रेणू खाचेत बसवून पाहण्याची) सॉफ्टवेअरही फुकट मिळतात. त्यामुळे हे काम महानगरांपुरते उरलेले नाही.

बेळगावची जमेची बाजू जवळिकीची आहे. नेहरूनगर भागातच जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९६३), केएलई संस्थेचे फार्मसी कॉलेज आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. खानापूरचे जंगलही फार लांब नाही.

खानापूर-चंदगड पट्ट्यात आढळणारे नरक्याचे झाड हे उत्तम उदाहरण. चिनी झाडातून १९६६ मध्ये वेगळे केलेले कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९७२ मध्ये नरक्यातही सापडले. डीएनएचा पीळ सोडवताना टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) त्याचा एक धागा कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी शिरून बसते, जोड लागत नाही आणि विभाजन पावणारी पेशी मरते. मूळ द्रव्य पाण्यात नीट विरघळत नसे. त्यात फेरफार करून टोपोटेकॅन बनले व १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. विकरात बसलेल्या टोपोटेकॅनची स्फटिकरचना मात्र २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. आता विद्यार्थी त्या रचनेतून रेणू काढतात, सॉफ्टवेअरला तो पुन्हा बसवायला लावतात आणि मूळ जागेपासून तो दोन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत आला, तरच त्या सॉफ्टवेअरवर विसंबून पुढचे रेणू तपासायला घेतात. इकडे मागणीपायी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली, हे विसरून चालणार नाही.

डॉकिंगमध्ये रेणूला मिळालेला चांगला गुणांक म्हणजे औषध नव्हे, आणि पुष्कळ शोधनिबंध तिथेच थांबतात, ही या क्षेत्राची मोठी उणीव आहे. वनस्पती अचूक ओळखणारा, अर्क काढणारा, पेशींवर तपासणारा आणि रुग्ण पाहणारा, असे सगळे सुरुवातीपासून सोबत हवेत.

शेवटच्या, म्हणजे माणसांवरील चाचणीच्या, टप्प्याचा अनुभव बेळगावकडे आहे. अमेरिकी संशोधकांच्या साथीने जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाची चाचणी झाली; प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आले (लॅन्सेट, २००६). अशा चाचणीत सहभागी व्यक्तीला समजेल त्या भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते : खानापूरच्या खेड्यात ती मराठीत, बैलहोंगलला कन्नडमध्ये.