खण: घराचा, कपाटाचा आणि ओटीचा

दोन तुळयांच्या मधल्या जागेला मराठीत खण म्हणतात. जुन्या वाड्याचं माप सांगताना 'पाच खणी', 'सात खणी' असं म्हणायची पद्धत त्यातूनच आली. टेबलाला किंवा कपाटाला असतो तोही खण. आणि सवाष्णीच्या ओटीत नारळाबरोबर पडतो तो चोळीचा तुकडा, तोही खणच. घर, घरातला कप्पा आणि कापड या तिघांना आपण एकाच नावाने हाक मारतो. शिवणाचं सामान आणि एकूण घर हाताने शिवलेल्या पिशव्या-कप्प्यांनी लावायचा विषय निघाला की मला हा शब्द आधी आठवतो. सध्या 'ऑर्गनायझर' म्हणून जे घरोघरी दिसतं, त्याचं मूळ आपल्याकडे फार मागे जातं, आणि ते बहुतेक कापडातच आहे.

सुरुवात अंगावरच्या कपड्यापासून करावी लागते. खिसा हा शब्द फारसीतून आला. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षं माणसांनी वस्तू ठेवल्या त्या नेसण्यात आणि गाठीत. धोतराच्या कनवटीला पैसे, नऊवारीच्या ओच्यात शेंगा नाहीतर फुलं, पदराच्या टोकाला गाठ मारून किल्ली. 'गाठीला चार पैसे असावेत' असं आपण आजही म्हणतो. बँकेत खातं असलं तरी बोलताना पैसा गाठीलाच असतो.

त्यापुढची पायरी चंचीची. पानतंबाखू खाणाऱ्यांकडे ती असायचीच, म्हणून कदाचित तिच्याकडे शिवणाची वस्तू म्हणून फारसं कोणी पाहिलं नाही. पण ती नीट पाहावी. कापडाची लांबट पट्टी, आतून एकावर एक शिवलेले कप्पे: एकात पानं, एकात सुपारी, एकात कात, एकात तंबाखू, चुन्याची डबी वेगळी. सगळं भरून झालं की गुंडाळायची आणि बंदाने बांधायची. उलगडली की सगळं एका नजरेत, गुंडाळली की मुठीत मावेल एवढी. आज विणकामाच्या सुया किंवा चित्रकाराचे ब्रश ठेवायला जी गुंडाळायची कापडी केस शिवतात, ती चंचीचीच धाकटी बहीण आहे. बटव्याचंही तेच. नाडी ओढली की तोंड बंद, सैल केली की पसरट. आजीबाईच्या बटव्यातल्या औषधांचं कौतुक आपण फार केलं, त्या बटव्याच्या शिवणीचं केलं नाही, याची मला खंत वाटते.

कागदही कापडातच राहिले. पोथी बासनात गुंडाळायची, हिशेबाचे कागद रुमालात बांधायचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मराठेशाहीचे कागद असे हजारो रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत संपादित केले, ते याच रुमालांमधून निघालेले. कापडाला हवा लागते, कागद कोंदत नाही, आणि चार टोकांची गाठ मारली की धूळ आत जात नाही. लाकडाच्या पेटीला वाळवी लागू शकते. रुमाल सोडून झटकता येतो, धुता येतो, उन्हात टाकता येतो. ज्या राज्याचा कारभार एवढा मोठा होता त्याची फायलिंगची पद्धत एका चौकोनी फडक्यावर उभी होती, हे मला फार मोलाचं वाटतं. 'बासनात गुंडाळणे' हा वाक्प्रचार आज एखादी योजना बाजूला टाकण्यासाठी वापरतात. मुळात गुंडाळायचं ते जपण्यासाठी.

उरलेलं सामान भिंत सांभाळायची. कोनाडा, फडताळ, खुंटी, वलणी, वरून टांगलेलं शिंकं. घराच्या जाड मातीच्या भिंतीतच कप्पे होते, त्यामुळे वेगळं फर्निचर लागत नसे. पैठणी किंवा शालू जुन्या मऊ धोतरात गुंडाळून ट्रंकेत जायचा. जीर्ण लुगड्यांची गोधडी व्हायची, पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. एकावर एक थर आणि जवळजवळ धावदोरा.

या सगळ्यात शिवणाची अशी जागा मात्र नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. संत नामदेव शिंप्याच्या घरचे. गुरुग्रंथसाहिबात त्यांची जी पदं आहेत त्यांतल्या एकात गज, कात्री, सुई आणि धागा एवढी हत्यारं येतात. शिंप्याचा सगळा संसार एवढाच. घरातल्या बाईचा तर त्याहून लहान: एक सुई, दोऱ्याची गुंडी, एखादी कात्री. सुई कापडाच्या घडीला टोचून ठेवायची आणि जिथे उजेड असेल तिथे बसायचं, ओटीवर नाहीतर मागच्या दारी.

हे चित्र शिवणयंत्राने बदललं. आयझॅक सिंगर यांनी आपल्या यंत्राचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं, आणि काही वर्षांतच त्यांच्या कंपनीने हप्त्याने विक्री सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ही यंत्रं मुंबईतल्या शिंप्यांच्या दुकानांत दिसू लागली आणि नंतर हळूहळू घरांत आली. यंत्रविरोधी समजल्या जाणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये यंत्रांबद्दल बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने उषा यंत्र काढलं आणि पुढे 'उषाची मशीन' हा मध्यमवर्गीय घरातला ओळखीचा शब्द झाला.

यंत्र एकटं येत नाही. बॉबीन, बॉबीन केस, वेगवेगळ्या नंबरांच्या सुया, रिळं, तेलाची कुपी, स्क्रू ड्रायव्हर, वादी, टेप, खडू, टाचण्या, हुक, बटणं, नाड्या, काजाची कात्री. यंत्र बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. जुन्या पायमशीनच्या टेबलाला दोन्ही बाजूंनी लाकडी खण असायचे. सिंगरने १८८९ मध्ये पेटंट घेतलेली एक घडीची लाकडी पेटी काढली होती, ती उघडली की चारही बाजू सपाट पसरायच्या आणि आत मखमलीच्या खाचांमध्ये यंत्राचे जोडभाग बसवलेले असायचे. मला तिच्यात चंचीच दिसते, फक्त लाकडातली.

याच सुमाराला शिवण हे बायकांचं शिकण्याचं आणि कमावण्याचं काम म्हणूनही पुढे आलं. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं. विधवा आणि गरजू बायकांना स्वतःच्या पायावर उभं करण्याच्या त्या कामात शिवणाच्या वर्गांना जागा होती. पुढे गल्लोगल्ली शिवण क्लास निघाले. क्लासला गेलेली मुलगी घरी परत येताना आणखी एक सामान घेऊन यायची, ते म्हणजे पेपर कटिंग. खाकी कागदावर आखून कापलेले ब्लाउजचे, झबल्याचे, परकराचे नमुने. त्यांना घडी पडली की माप चुकतं, म्हणून कित्येक घरांत ते गादीखाली सपाट ठेवलेले असायचे. बाई झोपायची ती अक्षरशः आपल्या कामावर.

गादीखाली का, तर दुसरी जागाच नव्हती. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली. त्यानंतर कोकणातून आणि घाटावरून माणसं शहरात येत राहिली आणि चाळी वाढत गेल्या. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात संसार, पाहुणे, गावाहून आलेले पुतणे-भाचे, आणि एखाद्या घरात पायमशीनही. भिंतीत कोनाडे नव्हते, वाड्यातलं फडताळ नव्हतं. पोटमाळा होता, खाटेखाली ट्रंक होती, आणि दाराच्या मागे खिळा होता. त्या खिळ्यावर जे टांगलं जायचं त्यानेच बहुतेक चाळकरी घरं आवरून राहिली.

माझ्या आईची मशीन आमच्या दीड खोलीच्या घरात खिडकीशी होती. तिच्या मागच्या भिंतीवर एक कप्प्यांची पिशवी टांगलेली होती, तिचं वर्णन मी डोळे मिटूनही करू शकेन. पाठीला जुन्या चादरीचं जाड कापड दुहेरी घेतलेलं. वरच्या कडेला नळी शिवून तिच्यात वेताची काठी घातलेली, म्हणजे भार मधोमध ओढला जाऊन पिशवी वाकत नसे. खाली चार ओळी कप्प्यांच्या. सगळ्यात वर चार बोटं खोलीचे कप्पे, बॉबिनींचे. त्याहून खोल केले असते तर बॉबीन तळाशी जाऊन चिमटीत आली नसती. दुसऱ्या ओळीत रिळं. तिसरीतल्या प्रत्येक कप्प्याला खालच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक चुणी, म्हणजे हात घातला की कप्पा पुढे फुगायचा, सपाट कप्प्यात हात अडकतो तसा अडकायचा नाही. तिथे हुक, बटणं, नाड्या, लेस. तळाच्या लांब कप्प्याला आतून रेक्झिनचा तुकडा लावलेला, कारण तिथे मोठी कात्री जायची आणि तिचं टोक कापड फाडतं. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाला दुमड घेऊन दोन टिपा. टाचण्या टोचायची उशी बाजूला लोंबायची, तिच्यात आईने आपले गळलेले केस भरले होते. केसांच्या तेलाने टाचणी गंजत नाही, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. ही पिशवी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती. शेजारच्या वहिनींकडे तशीच होती, समोरच्या काकूंकडे थोडी वेगळी. शिवणारी प्रत्येक जण आपल्या हाताच्या मापाने ती बेतायची.

कापडाच्या जोडीला डबे आले. रॉकेल चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून विकलं जायचं. रिकामा डबा धुऊन, वरचा पत्रा कापून, झाकण बसवून धान्याला वापरला जाई. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या रिकाम्या डब्यांनी स्वयंपाकघरं भरली. बिस्किटांच्या गोल डब्यात बटणं ठेवायची सवय तर जगभर आहे. श्रीमंत घरी लोखंडी कपाट आलं. गोदरेजने ते १९२३ पासून बनवायला घेतलं, पण बहुसंख्य मराठी घरांत ते लग्नातल्या मोठ्या खरेदीच्या यादीत यायला आणखी काही दशकं जावी लागली. तोवर कपाटाचं काम मांडणीने आणि मांडणीला लावलेल्या छिटाच्या पडद्याने केलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि घरातली मशीन अनेक ठिकाणी हौसेची राहिली नाही. परकर, झबली, पिशव्या यांची कामं घेऊन बायकांनी घरं चालवली. काम वाढलं तसं कातरणही वाढलं, आणि त्या कातरणातून पुन्हा पायपुसणी, पिशव्या, उशा.

मग प्लास्टिक आलं आणि पंधरा-वीस वर्षांत कापडी पिशवी जुनाट दिसू लागली. बाजारात जाताना पिशवी न्यायची सवयच मोडली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या गटारांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. राज्य सरकारने आधी पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले आणि मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. बंदीची अंमलबजावणी किती झाली ते भाजीवाल्याच्या गाडीवर दिसतंच. पण एक झालं: बचत गटांकडे कापडी पिशव्यांचं काम आलं, माळ्यावर गेलेल्या मशिनी खाली उतरल्या. २०२० च्या टाळेबंदीत मास्क शिवायला त्या पुन्हा चालल्या. पहिल्यांदाच मशीनवर बसलेल्या अनेकींनी मास्क झाल्यावर त्याच बैठकीत पिशवी, पाउच, भिंतीवरचे कप्पे शिवायला घेतले.

आता कच्चा माल कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मराठी घरात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसची चळत असते. ८० सेंटिमीटर नाहीतर एक मीटर, पॉलिकॉटनचे, रंग कोणाच्याच साडीला न जुळणारे. ते इकडून तिकडे दिले जातात, आणि कधीकधी दोन वर्षांनी आपलाच खण आपल्या ओटीत परत येतो. ते शिवायला कमी आणि टाकायला शुभ म्हणून जड. आज अनेक जणी हेच खण दुहेरी करून, मध्ये जुन्या टॉवेलचा थर घालून, त्याचे चौकोनी डबे, ड्रॉवरमधले कप्पे, साड्यांची कव्हरं शिवतात. बाजारातल्या साडी कव्हरपेक्षा ते चांगलं, कारण त्यातून साडीला हवा लागते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं खरं खणाचं कापड, ज्याची चोळी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या शिवली गेली, तेही आता चोळीबरोबरच पर्सला, पाउचला आणि टांगायच्या कप्प्यांना लागतं आहे.

आईची पिशवी आता माझ्याकडे आहे. पाठीचं कापड विरलं तेव्हा मी कप्पे उसवून नव्या पाठीवर जसेच्या तसे लावले. पाठीसाठी ओटीतले तीन खण लागले. बॉबिनींचे कप्पे मोजून चार बोटंच ठेवले. बोटं माझी, आईपेक्षा जरा रुंद, म्हणून ते थोडे खोल झाले आहेत, आणि बॉबीन काढताना मला ती तिरकी करून काढावी लागते.