सुकलेल्या जीवात जीव असतो का?

तीर्थक्षेत्रांच्या बाजारात ‘संजीवनी’ या नावाने करड्या, आत वळलेल्या, पूर्ण वाळलेल्या वनस्पतीचे गोळे विकायला असतात. गोळा पाण्यात ठेवला की काही तासांत त्याच्या फांद्या उलगडतात आणि हिरव्या होतात. ही बहुधा सेलाजिनेला कुळातील, नेच्यांची दूरची नातलग असलेली वनस्पती असते. रामायणातील संजीवनी हीच, असे ठामपणे म्हणण्यास आधार नाही. शिवाय ही वनस्पती दुसऱ्या कोणाला नव्हे, तर स्वतःलाच उठवते. तरीही तिने उभा केलेला प्रश्न खरा आहे. टोपलीत कोरडी पडलेली असताना ती जिवंत होती की मेलेली?

शालेय पुस्तकातील व्याख्या इथे कामाला येत नाही, कारण श्वसन, चयापचय, वाढ, प्रतिसाद यांपैकी काहीही कोरड्या अवस्थेत आढळत नाही. श्रद्धेची व्याख्याही अडचणीत येते. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपला मुलगा श्वेतकेतू याला वृक्षाचे उदाहरण देतो: जीव एका फांदीला सोडून गेला की ती फांदी सुकते, सगळ्या वृक्षाला सोडून गेला की सगळा वृक्ष सुकतो, मरतो तो जीवाने सोडलेला देह, जीव मरत नाही. या दृष्टान्तात सुकणे ही जीव गेल्याची खूण आहे. मग सुकून पुन्हा हिरवे होणाऱ्या वनस्पतीत जीव गेला होता आणि परत आला, की तो कुठे गेलाच नव्हता?

युरोपात हा प्रश्न सूक्ष्मदर्शकामुळे पुढे आला. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील सूक्ष्मदर्शक-निरीक्षक लेव्हेनहूक यांनी आपल्या घराच्या पन्हळीतील वाळलेल्या गाळात पाणी घातले, तेव्हा त्यात रोटिफर हे सूक्ष्म प्राणी हालचाल करू लागले. १७०२ च्या पत्रात त्यांनी हे नोंदवले. या प्राण्यांचे आवरण आतला ओलावा टिकवून धरत असावे, असा त्यांचा तर्क होता. पुढे इटलीतील स्पालान्झानी यांनी हे प्राणी पुन्हा पुन्हा सुकवून पुन्हा पुन्हा ‘उठवले’. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते आणि मृत्यूनंतरचे पुनरुत्थान हा त्यांच्या धर्माचा गाभा, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाला केवळ कुतूहलापेक्षा अधिक वजन का होते ते कळते.

१८५९ मध्ये पॅरिसमध्ये हा वाद पेटला. पूर्ण सुकलेला प्राणी मेलेलाच असतो, तो परत येणे शक्य नाही, असे निसर्गशास्त्रज्ञ पूशे यांचे म्हणणे होते, तर तो परत येतो, असे प्राणिशास्त्रज्ञ द्वायेर यांचे. जीवशास्त्र सोसायटीने समिती नेमली आणि तिचा अहवाल पॉल ब्रोका यांनी १८६० मध्ये लिहिला. निर्वातात दीर्घकाळ सुकवून, नंतर १०० अंश सेल्सिअसला अर्धा तास कोरडे तापवूनही काही रोटिफर पाणी मिळताच हालू लागले होते. लेव्हेनहूक यांचा ओलाव्याचा तर्क यापुढे टिकणे कठीण होते.

तरी एक पळवाट उरत होती. आतील जीवनक्रिया थांबलेली नसून केवळ अतिशय मंद झालेली असेल, तर? विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल बेकरेल यांनी सुकवलेले सूक्ष्म जीव निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, अगदी जवळ नेऊन ठेवले. त्या तापमानाला जीवनक्रियेला लागणाऱ्या रासायनिक अभिक्रिया चालूच शकत नाहीत. तरीही ऊब आणि पाणी मिळाल्यावर त्यांतील काही जीव पुन्हा हालू लागले. म्हणजे जीवनक्रिया खंडित होऊनही परत सुरू होऊ शकते. टिकावी लागते ती रचना.

ही रचना टिकते कशी, हे आता बऱ्याच अंशी समजले आहे. पाणी जाऊ लागले की प्रथिने विस्कटतात, पेशीची पटले, म्हणजे तिची पातळ आवरणे, एकमेकांना चिकटतात आणि पेशी कायमची बिघडते. अनेक सुकणारे जीव ट्रेहॅलोज नावाची शर्करा मोठ्या प्रमाणात बनवतात; ती पाण्याची जागा घेते आणि पेशीतील द्रव्य काचेसारखे गोठवून जागच्या जागी धरून ठेवते. टार्डिग्रेड या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्यांत हे काम मुख्यतः काही विशेष प्रथिने करतात. असेच सुकवलेले टार्डिग्रेड २००७ मध्ये फोटॉन या मानवरहित रशियन यानातून उघड्या अवकाशात दहा दिवस ठेवण्यात आले आणि त्यांतील काही परतल्यावर जिवंत निघाले. त्यासाठी इतके दूर पाहण्याचीही गरज नाही: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातून सुकणे सोसणाऱ्या ६२ वनस्पतींची नोंद केली आहे. ट्रायपोगॉनसारखी त्यांतील गवते उन्हाळ्यात सड्याच्या, म्हणजे सपाट खडकाळ माळाच्या, कातळावर तपकिरी होऊन पडतात आणि पावसाबरोबर त्याच पानांनिशी हिरवी होतात.

यातून ‘आत्मा नाही’ असे सिद्ध होते का? माझ्या मते नाही, आणि तसे म्हणणारे विज्ञानाच्या नावावर जास्त उचल घेतात. पराभव झाला तो एका नेमक्या मताचा: सजीव द्रव्यात एक वेगळी प्राणशक्ती असते, ती निघून गेली की परत आणता येत नाही, हे मत तपासता येण्याजोगे होते आणि तपासात ते चुकीचे ठरले. उद्दालकाचा जीव कोणत्याही तराजूत येण्याचा दावाच करत नाही.

जैन परंपरेने मात्र हा प्रश्न धान्याच्या कोठारापर्यंत नेला. कोरडे बी तिथे सचित्त, म्हणजे सजीव, मानले जाते, आणि भगवतीसूत्र या जैन आगमग्रंथात साठवलेल्या धान्याची बीजशक्ती जास्तीत जास्त किती काळ टिकते याच्या मुदतीही दिल्या आहेत: भात, गहू, जव यांची तीन वर्षे, मूग, उडीद, तीळ यांची पाच, जवस, करडई यांची सात. तेलबियांची उगवणक्षमता साधारणपणे लवकर घटते, त्यामुळे हा क्रम आज पटत नाही. पण निश्चल दिसणाऱ्या दाण्यात जीवन असते आणि ते काळाबरोबर संपते, ही समज पक्की आहे. इस्राएलमधील मसादा किल्ल्यात सापडलेले सुमारे २००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये उगवले, तेव्हा अशा मुदती परिस्थितीवर किती अवलंबून असतात हे दिसले. दाण्यातील डीएनए तुटत जातो, पटले झिजतात, आणि पाणी मिळाल्यावर ही मोडतोड दुरुस्त करणे पेशींना जोवर झेपते तोवर बी उगवते. न उगवलेल्या बीबाबत ती मर्यादा नेमकी कोणत्या दिवशी ओलांडली गेली, हे पाणी घातल्यावरही सांगता येत नाही.