गोऱ्ह्याच्या जोडीने जन्मलेली कालवड: सांभाळण्याआधी तपासून घ्या
(खानापूर, आटपाडी, तासगाव भागातील दूध उत्पादकांसाठी)

गाईला जुळं झालं आणि त्यात एक गोऱ्हा, एक कालवड असेल, तर कालवडीवर दोन वर्षं खुराक घालण्याआधी तिची तपासणी करा. अशा दहांतल्या नऊपेक्षा जास्त कालवडी वांझ निघतात. यात रेतनाची चूक नसते आणि मिनरल मिक्श्चरने काही सुधारतही नाही.

बिघाड होतो तो गाय गाभण राहिल्यावर दीड-दोन महिन्यांच्या सुमारास. गाईत जुळ्यांच्या वारा (गर्भाला पोसणारी आवरणं) एकमेकींना चिकटतात, रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि दोन्ही गर्भांचं रक्त एकमेकांत फिरू लागतं. गोऱ्ह्याचं वृषण कालवडीच्या बीजकोशाच्या (अंडाशयाच्या) आधी घडतं. त्यातल्या सर्टोली पेशी अँटी-मुलेरियन हार्मोन सोडतात. ज्या नळ्यांपासून गर्भाशय व्हायचं, त्या नळ्या ते जिरवून टाकतं. गोऱ्ह्याला तेच हवं असतं. पण तेच रक्त बहिणीतही जातं, तिचं गर्भाशय नीट घडत नाही आणि बीजकोश खुरटतात. वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोनही बनवतात, पण तिला बाहेरून नर करण्याइतकं ते पुरत नाही. त्यामुळे ती दिसते कालवडीसारखीच, आणि बाजारात फसगत होते ती इथेच.

जन्मानंतर महिन्याभरात नळीची तपासणी करता येते. बोथट टोकाची, गुळगुळीत, बोटाएवढी जाड नळी निर्जंतुक करून, जेल लावून, निरणातून (योनीमुखातून) किंचित वरच्या दिशेने हळू सरकवायची. खाली दाबली तर मूत्रमार्गाशी अडते आणि चांगली कालवडही वांझ समजली जाते. निरोगी वासरात ती साधारण १२ ते १५ सें.मी. आत जाते, वांझेत ५ ते ७ सें.मी.वरच थांबते. अडली की जोर लावू नका, इजा होते. हे काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावं. निरणाखाली लांब केसांचा झुपका काहींत दिसतो, पण नसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

शंका उरली तर रक्ताची डीएनए तपासणी. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीत रक्त घ्या, नळी हलकेच उलटसुलट करा, बर्फाच्या डब्यात पाठवा, गोठवू नका. शेपटीचे केस पाठवू नका. भावाच्या पेशी बहिणीच्या रक्तात मुरलेल्या असतात, केसांच्या मुळांत सहसा सापडत नाहीत; अहवाल चांगला येतो आणि कालवड मात्र माजावर येत नाही.

दोन्ही कालवडी असतील तर हा प्रश्नच नाही. एकटी जन्मलेली कालवडही क्वचित अशी निघते: जोडीचा नर गर्भ पोटातच जिरलेला असतो. दीड वर्षाची, अंगाने भरलेली कालवड एकदाही माजावर आली नसेल, तर औषधं सुरू करण्याआधी गर्भाशय आहे का, एवढं आधी बघून घ्या.