मोबाइल नेटवर्क सेटिंगची दुरुस्ती

स्मार्टफोन टॉवरशी जोडला जावा आणि त्यावर नेट चालावे म्हणून सिम, हँडसेट व सेटिंग यांची जुळवणी तपासून ती पूर्ववत करण्याची क्रिया. मराठवाड्यात या सगळ्या तक्रारींना ‘रेंज नाही’ असा एकच शब्द चालतो. मात्र रेंज नसणे आणि रेंज असून नेट न चालणे हे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि पहिला वेळ हा फरक ओळखण्यात घालवावा.

सेटिंगला हात लावण्यापूर्वी आजूबाजूला त्याच कंपनीचे सिम असलेला दुसरा फोन पाहावा. त्यालाही रेंज नसेल तर दोष टॉवरचा असतो. गावची वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते, आणि तेव्हा फोनमध्ये काहीही बदलून उपयोग नसतो. दुसरा फोन व्यवस्थित चालत असेल तर आपले सिम त्यात घालून पाहावे. तिथेही ते चालले नाही तर सिम बदलून घ्यावे. त्यानंतर सुमारे २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणून बँकेचा ओटीपी लागणार असेल त्या दिवशी सिम बदलू नये.

फोन लागतो पण नेट नाही, अशा वेळी पॅकची मुदत, फोनमध्येच लावलेली डेटा मर्यादा आणि डेटासाठी निवडलेले सिम आधी पाहावे. दोन सिमच्या फोनमध्ये रिचार्ज एका सिमवर आणि डेटा दुसऱ्यावर, हा घोटाळा फार वेळा सापडतो. त्यानंतर विमान मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करावा. फोन टॉवरकडे नव्याने नोंदणी करतो. तारीख-वेळ चुकली असेल तर नेट जोडलेले दिसूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. जाहिराती अडवण्यासाठी घातलेला खासगी डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी सेवा) किंवा व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) अडकला तरी हेच होते.

यानंतर एपीएन, म्हणजे फोनने कंपनीच्या कोणत्या दारातून नेटवर जायचे त्याचे नाव. जिओसाठी ते जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट. ही नावे रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता भरतात. वापरकर्तानाव व पासवर्ड सहसा रिकामे राहतात. नवे एपीएन जतन करून त्यापुढचा गोल ठिपका निवडावा लागतो. तो राहिला तर फोन जुनेच एपीएन वापरत राहतो.

सीमाभागाचा प्रश्न निराळा आहे. देगलूर, धर्माबाद, उदगीर, उमरगा या पट्ट्यात फोन कधी कधी तेलंगण वा कर्नाटकच्या टॉवरला पकडतो, आणि तिकडची दूरसंचार मंडळे (सेवेचे विभाग) महाराष्ट्राहून वेगळी असल्याने ते रोमिंग ठरते. डेटा रोमिंग बंद असेल तर तिथे बोलणे होते, नेट थांबते. ते चालू ठेवावे. बहुतेक भारतीय पॅकमध्ये देशातल्या रोमिंगला वेगळे पैसे लागत नाहीत. कर्नाटकातील कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांनीही निघण्यापूर्वी एवढे एक बटण पाहावे. नेटवर्क निवड मात्र स्वयंचलित ठेवावी. हाताने निवडलेले नेटवर्क परत आल्यावरही तसेच अडकून राहते, आणि गावात टॉवर उभा असून फोनवर ‘सेवा नाही’ येते.

किनवट-माहूरचे जंगल, बालाघाटच्या दऱ्या अशा कमजोर जागी फाइव्ह जी बंद करून फोर जी निवडल्यास जोडणी स्थिर राहते व बॅटरी वाचते. जिओची टू जी, थ्री जी सेवाच नसल्याने त्या सिमवर बोलण्यासाठी व्हीओएलटीई (फोर जीवरूनच बोलण्याची सोय) चालू असावेच लागते. सिग्नलचा आकडा बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* दाबून दिसतो. फोर जीवर तो उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम; उणे ११५च्या पलीकडे गेला की नेट रेंगाळते, आणि तिथे सेटिंगपेक्षा माळवदावर किंवा उंच बांधावर जाणे अधिक कामाचे. बीएसएनएलची फोर जी ७०० मेगाहर्ट्झवरही आहे. हँडसेट बँड २८, म्हणजे हाच ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, घेत नसेल तर त्या बँडचा टॉवर त्याला दिसतच नाही.

नेटवर्क सेटिंग रीसेट हा शेवटचा उपाय. त्याने वायफायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोड्या आणि हाताने भरलेले एपीएन पुसले जातात. फोटो व संपर्क राहतात. ई-सिम (फोनमध्येच असलेले, काढता न येणारे सिम) असेल तर ते पुसण्याच्या पर्यायावर खूण करू नये.