सोयरिक तलावावर, संसार सायबेरियात

नोव्हेंबरातली सकाळ, भंडारा जिल्ह्यातला एक मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे तलाव गावोगाव आहेत. पाळीवर बसून मी दुर्बीण लावली होती. थव्याच्या कडेला एक बदक पाठीत चोच खुपसून झोपलं होतं. कुशी थापट्या बदकाच्या नरासारख्या विटकरी, पण डोकं मळकट आणि चेहऱ्यावर पांढुरकी चंद्रकोर. आपल्याकडे येणाऱ्या कुठल्याच बदकाला अशी कोर असल्याचं मला आठवेना. संकर! वहीत लिहूनही टाकलं.

तेवढ्यात जाळं काढायला निघालेला एक ढीवर डोंग्यातून जवळून गेला. बदक दचकलं, चोच बाहेर आली. "अजी मास्तर, चमच्यावानी चोच तं पाहा थ्याची!"

थापट्याच होता तो, कपडे अर्धेच बदललेला. हिवाळ्याच्या तोंडावर नरांचा विणीचा पेहराव पुरता चढलेला नसतो आणि थापट्याच्या चेहऱ्यावर नेमकी तेव्हाच ही कोर उमटते. ओळ खोडली.

शंका मात्र अगदीच वेडी नव्हती. जगात पक्ष्यांच्या साधारण १०,००० जाती आहेत. त्यांतल्या दहाएक टक्के जातींनी रानात कधी ना कधी दुसऱ्या जातीशी घरोबा केल्याच्या नोंदी आहेत. बदकं-हंसांच्या गटात हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जातं. पाळीव आणि पिंजऱ्यातल्या जोड्या धरल्या तर अशा संकरांचे चारशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. पक्षीचित्रकार ऑड्युबनसुद्धा अमेरिकेत एका बदकाला 'ब्रूअरचं बदक' असं वेगळं नाव देऊन बसला होता. ते निघालं मलार्ड आणि गडवाल या दोन जातींच्या बदकांचं पोर. माझ्या खोडलेल्या ओळीला तेवढाच दिलासा.

हे जमतं कुठे? बरेचदा आपल्या डोळ्यांसमोर. चक्रांग, तलवार बदक, थापट्या, गडवाल ही उत्तरेची पाहुणे मंडळी विणीच्या जागी पोचेपर्यंत लग्नासाठी थांबत नाहीत. बरीचशी लग्नं हिवाळी मुक्कामातच ठरतात. मग मादी आपण जन्मलो त्या भागात परतते आणि नर तिच्या मागून जातो. पक्का घरजावई. तिचं माहेर सायबेरियात असेल तर सोयरिक आपल्या तलावावर आणि संसार तिकडे. एकाच पाण्यावर पाच-सहा जातींचे मांडव, तेही एकाच हंगामात.

तरी सहसा गफलत होत नाही, ती मादीच्या नजरेमुळे. माद्या सगळ्या जातींच्या जवळपास सारख्याच तपकिरी. नर मात्र प्रत्येक जातीचा वेगळा नटलेला, वेगळा नाचणारा. चक्रांगाचा नर डोकं आणि शेपूट एकदम वर उचलून अंग आखडतो, मधूनच बारीक शीळ घालतो. मादी तो नाच ओळखते. दूरच्या बेटांवर, जिथे ओळखीत घोटाळा व्हायला दुसरी बदकंच फारशी नसतात, तिथे नरांचा हा थाट गळून पडतो. हवाई बेटांवरच्या बदकांत नरही मादीसारखाच साधा दिसतो.

कुंपण असं नजरेचं असलं की ते मोडतंही लवकर. बऱ्याच जातींत नर जास्त, माद्या कमी. गावाकडे शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळेनात, त्यातलाच प्रकार. आपल्या जातीचं कुणीच नाही अशा थव्यात एखादं बदक एकटं पडलं, तर मिळेल ते स्थळ पत्करतं. मलार्डचे बिनजोडीचे नर तर माद्यांवर सरळ जबरदस्ती करतात, आणि तेव्हा जात बघतातच असं नाही. त्यावर उपाय म्हणून की काय, माद्यांचा जननमार्ग नराच्या इंद्रियाच्या उलट दिशेला पिळलेला असतो.

दुसरी गंमत खेड्यात कुणीही पाहिलेली. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतात. पिल्लं निघतात, तिच्या मागे मागे फिरतात आणि एक दिवस डबक्यात उतरतात. काठावर कोंबडीचा जीव खालीवर. पिल्लाच्या डोक्यात आई म्हणून जी ठसली ती ठसली. मोठी लालसरी नावाचं बदक आपली काही अंडी दुसऱ्या जातींच्या घरट्यांत टाकून मोकळं होतं. अशा परक्या घरात वाढलेला नर पुढे बायको कुठली शोधणार? १९६०च्या दशकात जर्मनीत फ्रीड्रिख शुट्झ यांनी मलार्डची पिल्लं परजातीत वाढवून पाहिली. नर मोठे होऊन बहुतांशी पालक जातीच्याच मागे लागले. माद्या मात्र बहुतेक करून आपल्याच जातीचा नर ओळखत होत्या.

बरं, चूक झाली तरी पोर जगतं कसं? बदकांच्या जाती एकमेकींपासून दुरावल्या तरी त्यांच्या बीजांचं जुळणं फार काळ टिकतं. सस्तन प्राण्यांत ते त्यामानाने लवकर तुटतं. तुटायला लागलं की आधी फटका बसतो मादीला. पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२मध्ये नियम मांडला: संकरात ज्या लिंगाची लिंग ठरवणारी दोन गुणसूत्रं वेगवेगळी, ते आधी वांझ होतं किंवा मरतं. माणसात तो पुरुष, पक्ष्यांत मादी. मस्कोव्ही या जातीच्या बदकाचा नर आणि नेहमीची पाळीव बदकी यांची पोरं तर नर-मादी दोन्ही वांझ. म्हणूनच त्यांना खेचर बदक म्हणतात. फ्रान्समध्ये आणि तैवानमध्ये ती मुद्दाम पाळतात.

पण पोरं वांझ नसली तर प्रकरण गंभीर होतं. विसाव्या शतकात अमेरिकेतलं रडी डक इंग्लंडात आणलं गेलं, तिथून सुटलं आणि स्पेनपर्यंत पोचलं. तिथल्या दुर्मीळ पांढऱ्या डोक्याच्या बदकाशी त्याची सोयरिक जमू लागली आणि पोरंही विऊ लागली. ती जात विरघळून जाईल या भीतीनं शेवटी या पाहुण्यांना बंदुकीनं टिपावं लागलं.

फेब्रुवारीत पुन्हा त्याच पाळीवर गेलो. थापट्यांची डोकी आता हिरवीगार, छाती पांढरीशुभ्र. चार नर एका तपकिरी मादीभोवती माना हलवत घिरट्या घालत होते.

"यायचं जमलं का जी, मास्तर?" डोंग्यातून प्रश्न आला.

मादीनं अजून पाठीतली चोच काढली नव्हती.