मुरूम व प्रकाशोपचार

मुरूम (तारुण्यपीटिका, संस्कृत ग्रंथांत मुखदूषिका, युवानपिडका) हा केशपुटक (ज्यातून केस उगवतो ती त्वचेतील पिशवी) आणि त्याला जोडलेली, तेलकट द्रव स्रवणारी त्वक्‌स्नेह ग्रंथी यांचा दीर्घकाळ रेंगाळणारा दाहक विकार आहे. (बांधकामात व रस्त्यांवर वापरल्या जाणाऱ्या भुरभुरीत मातीलाही मराठीत मुरूम म्हणतात, येथे केवळ त्वचाविकार अभिप्रेत आहे.) तो मुख्यतः चेहरा, छाती व पाठीचा वरचा भाग येथे दिसतो, कारण त्वक्‌स्नेह ग्रंथी तेथेच मोठ्या व दाट असतात. १२ ते २४ या वयोगटातील सुमारे ८५ टक्के लोकांना तो कमी-अधिक प्रमाणात होतो, असे सामान्यतः मानले जाते. वयात येताना सुरू होणारा हा विकार विशीनंतर बहुधा ओसरतो. काहींच्या बाबतीत, विशेषतः स्त्रियांमध्ये, तो चाळिशीपर्यंतही टिकतो.

नाव व जुने उल्लेख : सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या क्षुद्ररोगविषयक अध्यायात कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीने तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या पुटकुळ्यांचे वर्णन आहे, आणि त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. सावरीचे खोड जवळून पाहिलेल्या कोणालाही ही उपमा किती नेमकी आहे ते पटेल : बुडाशी रुंद, टोकाला अणकुचीदार आणि एकमेकांपासून सुटे उंचवटे. याच संहितेच्या चिकित्सास्थानात वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला आहे. संहितेचा आजचा पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्थिरावला असावा. त्याचा गाभा त्याहून जुना आहे.

पाश्चात्त्य वैद्यकातील ‘ॲक्ने’ या शब्दाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जुने ग्रीक लेखक या पुटकुळ्यांना ‘इओन्थोस’ म्हणत, आणि त्या शब्दाचा संबंध दाढीच्या पहिल्या लवेशी जोडला जाई. लॅटिनमध्ये सेल्सस व प्लिनी या रोमन लेखकांनी ‘वारुस’ हा शब्द वापरला. ‘ॲक्ने’चे मूळ सहाव्या शतकातील आमिदा येथील वैद्य एटियस याच्या ग्रंथात सापडते. एका मतानुसार मूळ शब्द ‘आक्मे’, म्हणजे शिखर किंवा आयुष्याचा बहर, असा होता आणि हस्तलिखिताची नक्कल करताना ग्रीक ‘म्यू’च्या जागी ‘न्यू’ पडल्याने ‘आक्ने’ झाले. दुसऱ्या मतानुसार तो नकारवाचक ‘आ’ आणि खाजवणे या अर्थाचा धातू यांपासून बनला, म्हणजे ‘ज्याला खाज सुटत नाही ते’. दुसरी व्युत्पत्ती लक्षणाशी जुळते खरी, परंतु ती शब्द रूढ झाल्यानंतर बसवलेली वाटते. नकलेतील चुकीचे मत अधिक ग्राह्य आहे. ते मानले तर ग्रीक आणि संस्कृत या दोन्ही परंपरांनी या विकाराला वयावरूनच ओळखले, असे दिसते.

विकाराची घडण : चार गोष्टी एकत्र येतात. वयात येताना वाढलेल्या अँड्रोजेन संप्रेरकांमुळे त्वक्‌स्नेह अधिक स्रवतो. पुटकाच्या तोंडाशी शृंगी (कठीण झालेल्या मृत) पेशी नीट न झडता एकमेकींना चिकटून बूच तयार होते. कोंडलेल्या स्नेहात जंतू वाढतात. आणि दाह होतो. बूच बंद राहिले तर पांढरा ठिपका (व्हाइटहेड) आणि तोंड उघडे राहिले तर काळा ठिपका (ब्लॅकहेड) दिसतो. काळेपणा मळाचा नसून मुख्यतः मेलॅनीन रंजकाचा असतो. त्यामुळे चेहरा घासघासून धुतल्याने तो जात नाही, उलट दाह वाढतो. बूच आधी की दाह आधी, यावर बराच वाद झाला आहे. बूच आधी हे मत विसाव्या शतकात रूढ होते, परंतु वरून निरोगी दिसणाऱ्या पुटकांभोवतीही दाहक पेशी आढळल्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून दाहाला आरंभीचे स्थान देण्याकडे कल वाढला आहे.

येथील प्रमुख जंतूचे नाव वेळोवेळी बदलले. १८९६ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उना यांनी तो ठिपक्यांमधील द्रव्यात पाहिला. पुढे तो बॅसिलस, कोरिनेबॅक्टेरियम, प्रोपिओनिबॅक्टेरियम अशा प्रजातींत फिरला आणि २०१६ पासून त्याला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणतात. जुन्या लेखनात दिसणारे ‘पी. ॲक्नेस’ तेच. हा जंतू निरोगी त्वचेवरही राहतो, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने मुरूम हा संसर्गजन्य रोग नव्हे.

प्रकाशोपचाराची पार्श्वभूमी : उन्हाने मुरूम सुकतात ही समजूत जुनी आहे, पण तिला भक्कम आधार नाही, त्वचा रापल्यामुळे लाली झाकली जाते, एवढे मात्र घडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुरमांवर जंबुपार (अतिनील) दिवे आणि क्ष-किरणही वापरले गेले. क्ष-किरणांनी ग्रंथी आक्रसत, परंतु पुढे अशा रुग्णांत त्वचेचे व अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे कर्करोग आढळल्याने तो मार्ग सोडून द्यावा लागला.

आधुनिक प्रकाशचिकित्सेचा आरंभ सामान्यतः नील्स फिन्सेन यांच्यापासून धरतात. फेरो बेटांवर जन्मलेल्या या वैद्याने कोपनहेगनमध्ये एकवटलेल्या प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा केला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुण जंबुपार किरणांचा, असे शंभर वर्षे मानले गेले. २००५ मध्ये त्यांच्या जुन्या भिंगांची व गाळण्यांची तपासणी झाली, तेव्हा ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी त्यांतून जवळजवळ जातच नसल्याचे दिसले. क्षयजंतूत कोप्रोपॉर्फिरीन हे रंजक असते आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशाने तेच चेतवले गेले असावे, असे स्पष्टीकरण आता दिले जाते. हा तपशील येथे विस्ताराने दिला, कारण मुरमांच्या जंतूतही हेच रंजक असते. फिन्सेन यांचा उपचार आणि आजचा निळा दिवा यांचे नाते त्यामुळे वरवर वाटते त्याहून जवळचे ठरते.

कार्यपद्धती : क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस वाढताना पॉर्फिरिने ही रंजके, मुख्यतः कोप्रोपॉर्फिरीन-३, तयार करतो. अंधाऱ्या खोलीत वुड दिवा (सुमारे ३६५ नॅनोमीटरचा जंबुपार दिवा) चेहऱ्यावर धरला तर नाकाच्या कडांवर, कपाळावर व हनुवटीवर नारिंगी-तांबडे कण पुटकापुटकांतून चमकताना दिसतात. गालांची कडा मात्र काळीसावळीच राहते. ही चमक पॉर्फिरिनांची असते. या रंजकांचे प्रकाशशोषण ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सर्वाधिक आहे, म्हणून उपचारासाठी बहुधा ४१५ नॅनोमीटरचा निळा दिवा घेतात. प्रकाश शोषून चेतवलेले पॉर्फिरीन आपली ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देते, त्यातून अत्यंत क्रियाशील एकल ऑक्सिजन निर्माण होतो आणि जंतूचे पटल फाटते. म्हणजे जंतू स्वतः बनवलेल्या रंजकामुळेच मरतो. बाहेरून प्रतिजैविक द्यावे लागत नाही, आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असल्याच्या काळात या पद्धतीकडे लक्ष जाण्याचे हेच मोठे कारण.

मर्यादाही याच यंत्रणेत आहेत. निळा प्रकाश त्वचेत जेमतेम एक मिलिमीटर शिरतो. तांबडा प्रकाश (सुमारे ६३० ते ६६० नॅनोमीटर) अधिक खोल जातो, पण पॉर्फिरिने तो कमी शोषतात. त्याचा उपयोग दाह शमवण्यासाठी होतो, असे मानतात. शिवाय जंतू मेले तरी ग्रंथीचा स्राव आणि पुटकाच्या तोंडाचे बूच राहतेच. त्यामुळे लाल, सुजलेल्या पुटकुळ्यांवर परिणाम बरा दिसतो, ठिपक्यांवर कमी, आणि उपचार थांबल्यावर विकार परत येऊ शकतो.

पुरावा : २००० मध्ये १०७ रुग्णांवरील एका चाचणीत निळा प्रकाश, निळा व तांबडा एकत्र, पांढरा प्रकाश आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी एकत्रित प्रकाशाच्या गटात दाहक पुटकुळ्या सरासरी ७६ टक्के आणि ठिपके ५८ टक्के घटले. हा ७६ चा आकडा पुढे वारंवार उद्धृत होत राहिला. मात्र बाराव्या आठवड्यात एकत्रित प्रकाश हा नुसत्या निळ्यापेक्षा लक्षणीय सरस ठरला नव्हता, ही नोंद सहसा गळते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ७१ चाचण्या व ४,२११ रुग्ण विचारात घेतले गेले, आणि त्या इतक्या विविध व असमान दर्जाच्या होत्या की ठाम शिफारस करता आली नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२४ च्या मार्गदर्शिकेत पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. प्रकाशाचा परिणाम खरा आहे, पण मध्यम व तात्पुरता आहे, हे मत उपलब्ध आकड्यांशी सर्वाधिक जुळते. रेटिनॉइडे (अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषधे), बेंझॉइल पेरॉक्साइड आणि तीव्र विकारात तोंडावाटे आयसोट्रेटिनॉइन हेच प्रमुख उपचार राहतात. प्रकाश त्यांच्या जोडीला येतो.

प्रकाशगतिकीय उपचार : यात अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल त्वचेवर लावून काही वेळ ठेवतात. पेशी त्याचे पॉर्फिरिनात रूपांतर करतात आणि मग दिवा लावला जातो. २००० मध्ये २२ जणांवर झालेल्या अभ्यासात या पद्धतीने ग्रंथींनाच इजा होऊन स्राव घटल्याचे दिसले, म्हणजे परिणाम जंतूच्या पलीकडे पोचतो. त्याची किंमतही मोजावी लागते : दिवा लागताच झोंबते, नंतर चेहरा लाल होऊन सुजतो, पापुद्रे निघतात आणि सुमारे दोन दिवस उजेडापासून जपावे लागते. उपचारांविषयी मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये, इतर उपचार लागू पडत नसलेल्या किंवा सोसत नसलेल्या मध्यम ते तीव्र विकाराच्या प्रौढ रुग्णांसाठी या पद्धतीचा विचार करावा असे सुचवले.

ग्रंथीवर नेम धरणारा आणखी एक मार्ग १,७२६ नॅनोमीटरच्या लेसरचा आहे. या लांबीवर स्निग्ध द्रव्य पाण्यापेक्षा किंचित अधिक ऊर्जा शोषते, त्यामुळे आजूबाजूची त्वचा थंड ठेवून ग्रंथी तापवता येते. अमेरिकेत अशा उपकरणाला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

दक्षता : सावळ्या व गव्हाळ त्वचेसाठी एक गोष्ट जाहिरातींत क्वचितच सांगितली जाते. निळ्या-जांभळ्या दृश्य प्रकाशाने अशा त्वचेत काळसर डाग उठू शकतात. २०१४ मधील एका तुलनेत ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने आलेला काळेपणा तीन महिन्यांपर्यंत टिकला, ६३० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाने तो आला नाही. मुरूम बसल्यानंतर मागे उरणाऱ्या डागांचाच ज्यांना जास्त त्रास होतो, त्यांनी हे आधी विचारात घ्यावे. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशसंवेदना वाढवणारी औषधे चालू असताना, तसेच पॉर्फिरिया (शरीरात पॉर्फिरिने साठण्याचा विकार) किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा विकार) असल्यास हा उपचार वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. उपचारावेळी डोळ्यांवर अपारदर्शक चष्मा हवाच. घरी वापरण्याचा एक दिव्याचा मुखवटा डोळ्यांना इजा होण्याच्या शंकेवरून २०१९ मध्ये बाजारातून परत घेण्यात आला होता. घरगुती उपकरणांची प्रकाशशक्ती दवाखान्यातील दिव्यांपेक्षा बरीच कमी असते आणि ती रोज, आठवडेच्या आठवडे वापरावी लागतात.