बोल्ट की लिव्हर? पॉइंट टू-टूच्या अचूकपणाचा हिशेब

पॉइंट टू-टूची, म्हणजे .२२ काडतुसाची, कोणती रायफल जास्त अचूक, असं कुठल्याही नेमबाजाला विचारा. उत्तर ठरलेलं असतं: बोल्टची. लिव्हरची रायफल आपली मौजेसाठी, रिकामे डबे उडवायला. पुढे ‘का?’ असं विचारलं, की बहुतेक जण सांगतात की बोल्टचं कुलूप, म्हणजे गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारी पकड, पक्कं बसतं, लिव्हरचं तेवढं बसत नाही. यातलं उत्तर बऱ्यापैकी बरोबर आहे, पण कारण जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. खरी कारणं शोधायला लागलं की या छोट्याशा काडतुसामागचं भौतिकशास्त्र फार मजेदार निघतं.

आधी दोन्ही यंत्रणा. बोल्टच्या रायफलीत दाराच्या कडीसारखा दांडा असतो. तो वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली पाडायचा. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. लिव्हरच्या रायफलीत चापाभोवतीची कडी हीच लिव्हर असते. ती खाली-पुढे ढकलली आणि परत ओढली की तेच काम होतं, आणि मागचा घोडाही चढतो. दस्ता खांद्यावरून न हलवता भराभर गोळ्या मारता येतात, हा तिचा मोठा गुण.

कुलपाचा मुद्दा आला तो मोठ्या काडतुसांवरून. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसात कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जातो. तिथे बोल्ट पुढच्या टोकाला, चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) अगदी मागे, सारख्या दाबाने अडकतो की नाही याला महत्त्व आहे. .२२ लाँग रायफल या काडतुसात ही मर्यादा २४,००० आहे. शिवाय त्याचा बुडखा इतका छोटा, की बोल्टवर मागे येणारा रेटा ढोबळमानाने मोठ्या काडतुसाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून पॉइंट टू-टूच्या कित्येक साध्या बोल्ट रायफलींत पुढे कुलूप नसतंच. दांड्याचं मूळ एका खाचेत बसतं, तेवढंच. रुगर १०/२२ ही १९६४ पासून बनणारी अर्धस्वयंचलित रायफल घ्या. तिच्या बोल्टला कुलूपच नाही, नुसतं त्याचं वजन आणि एक स्प्रिंग. तरीही चांगली नळी बसवली तर ती सुरेख नेम धरते.

याहून बोलका पुरावा स्पर्धांच्या मैदानावर मिळतो. विसाव्या शतकाच्या मध्यात छोट्या बोअरच्या, म्हणजे .२२ च्या, स्पर्धांमध्ये बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची मार्टिनी इंटरनॅशनल ही रायफल बोल्टच्या रायफलींना तोडीस तोड टक्कर देत होती. आणि ती उघडायची कशी? मुठीखालची लिव्हर खाली ओढून! दुसरीकडे बायथलॉन, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजीची जोडस्पर्धा. तिथे १९७८ पासून .२२ चं काडतूस वापरतात, ५० मीटरवर, आणि झोपून मारताना लक्ष्य अवघं ४५ मिलिमीटरचं असतं. आज तिथे आन्शुट्झ कंपनीची फोर्टनर पद्धतीची रायफल जिकडेतिकडे दिसते. तिचा बोल्ट फिरवावा लागत नाही, नुसता सरळ मागे-पुढे होतो. म्हणजे दांडा फिरवण्यात काही जादू नाही आणि लिव्हर असण्यात काही शाप नाही. मार्टिनीत मात्र नळीखाली मॅगझिन (काडतुसं साठवायची जागा) नव्हतं, बाहेर घोडा नव्हता, आणि काडतूस एकेक करून हाताने घालायचं. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या लिव्हर रायफलीत या तिन्ही गोष्टी उलट असतात. आपल्याला हवी ती कारणं तिथे आहेत.

चाप दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा काळ जरा ताणून पाहू. टार्गेट रायफलीचा चाप शंभर-दीडशे ग्रॅमच्या दाबालाही सुटू शकतो. लिव्हर रायफलीत तो बऱ्याचदा दोन किलोच्या आसपास असतो. रायफलीचं वजनच तीन किलो. अशा वेळी बोटाचा जोर थोडा जरी तिरका पडला तरी रायफल हलते. ब्राउनिंगच्या बीएल-२२ मध्ये तर चाप लिव्हरबरोबरच खाली जातो आणि परत येतो. त्यामुळे लिव्हरचा फेरा फक्त ३३ अंशांचा झाला, हाताळायला ही रायफल झकास आहे, पण अशा चापाला काच तुटल्यासारखी स्वच्छ सुटका देणं अवघड.

चाप सुटला. बोल्टमध्ये आता एक हलकी फायरिंग पिन काही मिलिमीटर सरळ पुढे धावते. लिव्हरमध्ये जड घोडा कमानीतून फिरून पिनेवर आदळतो. यात वेळ जास्त जातो, आणि तेवढ्यात नेम हलतो, हे कारण हौशी मंडळी फार आवडीने सांगतात. हिशेब केला तर ते फुसकं निघतं. उभ्या नेमबाजाचा नेम ५० मीटरवरच्या कागदावर सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाने भटकतोय असं धरा. घोड्याला तीन मिलिसेकंद जास्त लागले, तर फरक पडतो ०.६ मिलिमीटरचा. तो सोडून द्यावा. खरं नुकसान करतो तो घोड्याचा दणका. एवढा धातूचा तुकडा आत आपटतो, तेव्हा अख्खी रायफल थरथरते, आणि गोळी तर अजून जागची हललेलीही नसते.

पुढचा टप्पा रिमफायरचा, म्हणजे कडेवर फटका बसून पेटणाऱ्या .२२ सारख्या काडतुसाचा, खास. काडतुसाच्या पितळी नळकांडीच्या, म्हणजे केसच्या, बुडाशी दुमडलेली कड असते. कारखान्यात ओलं स्फोटक मिश्रण आत टाकून केस गरागरा फिरवतात, म्हणजे ते त्या दुमडीत जाऊन बसतं. पिन ही कड नळीच्या तोंडावर चिरडते आणि ठिणगी पडते. कडेची जाडी साधारण एक मिलिमीटर. बोल्टचा चेहरा आणि नळी यांच्यातली फट याहून थोडी जरी मोठी राहिली तर केस पिनेपुढे सरकते, फटका बोथट होतो, आणि दर वेळी दारू सारखीच पेटेल याची खात्री उरत नाही.

दारू पेटली की गोळी निघते. २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी साठेक सेंटीमीटरच्या नळीतून जायला सुमारे अडीच मिलिसेकंद घेते. वेगवान लष्करी काडतुसाच्या मानाने ही चाल संथ आहे. या वेळात नळी कंप पावत असते, टोक वर-खाली होत असतं. बोल्टच्या चांगल्या रायफलीत नळी दस्त्याला कुठेच टेकत नाही, मोकळी तरंगते. कंप असतो, पण दर वेळी तसाच. लिव्हर रायफलीच्या नळीला खाली मॅगझिनची दुसरी नळी पट्ट्यांनी बांधलेली असते, पुढे हाताने धरायचा लाकडी भागही तिलाच लटकलेला, आणि मागचा दस्ता वेगळा तुकडा. १८९१ च्या मॉडेलपासून चालत आलेली मार्लिन ३९ए तर एक मोठा स्क्रू सोडून मधोमध दोन भागांत उघडते. पिशवीत न्यायला सोयीचं, अचूकतेला अर्थातच नाही.

त्या मॅगझिनमध्ये लाँग रायफलची १९ काडतुसं मावतात, म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम. प्रत्येक गोळीगणिक हे वजन कमी होतं आणि उरलेली काडतुसं मागे सरकतात. नळीला बांधलेलं वजन बदललं की तिचा कंपही बदलणार. हे वाटतं तितकं बारीक नाही. रिमफायरच्या बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून मारण्याच्या) स्पर्धांत लोक नळीच्या टोकाला ट्यूनर नावाचं सरकतं वजन लावतात आणि ते कणाकणाने फिरवून जागा शोधतात. नळीचं टोक वर चढत असताना गोळी बाहेर पडावी असं जमलं, तर संथ गोळी थोडी उशिरा, म्हणजे थोड्या वरच्या कोनात सुटते आणि तिची घसरण आपोआप भरून निघते. इतक्या कष्टाने जुळवायची गोष्ट लिव्हर रायफलीत दर गोळीला आपणहून बदलत राहते.

आता काडतुसाचा आतला प्रवास. नळीतल्या मॅगझिनमधून स्प्रिंगने मागे ढकललेलं काडतूस एका पाळण्यात येतं. लिव्हर हलली की पाळणा वर उचलला जातो, बोल्ट मागून ढकलतो, आणि उतारावर टेकत, घासत काडतूस चेंबरमध्ये शिरतं. .२२ ची गोळी मऊ शिशाची असते, वर मेणासारखं वंगण, आणि ती केसच्या बाहेर उघडीच असते. या धक्काबुक्कीत तिच्या नाकाला चपटा डाग पडतो, एका बाजूचं मेण खरवडलं जातं. एवढ्याशा ओरखड्याने काय होणार? नळीतल्या खाचा साधारण ४०६ मिलिमीटरमध्ये एक पीळ देतात. सेकंदाला ३३० मीटर वेगाने निघालेली गोळी म्हणजे सेकंदाला आठशेहून जास्त गिरक्या घेत असते. वजनाचा मध्य अक्षापासून केसभर जरी सरकला तरी नळीबाहेर पडताना ती बाजूला फेकली जाते.

चेंबरही वेगळं. बऱ्याच लिव्हर रायफली .२२ शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल हे तिन्ही गिळतात. त्यासाठी आणि अडखळू नये म्हणून चेंबर सैल ठेवतात. शॉर्टची केस १०.७ मिलिमीटर, लाँग रायफलची १५.६, म्हणजे शॉर्टच्या गोळीला खाचांपर्यंत पोचायला पाच मिलिमीटरची उडी जास्त मारावी लागते. टार्गेट बोल्टच्या घट्ट चेंबरमध्ये उलट गोष्ट. दांडा खाली पाडताना पिळाचा जो जोर मिळतो, त्याने गोळीचं नाक थेट खाचांत दाबलं जातं. ती सुरुवातीपासूनच नळीशी एका रेषेत असते. बोल्ट फिरवण्याचा अचूकतेला होणारा थेट फायदा मला फक्त इथे दिसतो.

एवढं सगळं मान्य केल्यावर प्रश्न येतो: फरक किती? बरी शिकारी बोल्ट रायफल तिला मानवणाऱ्या काडतुसांनिशी टेकूवरून ५० मीटरवर पाच गोळ्या साधारण १० ते २० मिलिमीटरमध्ये टाकते. बरी लिव्हर रायफल २० ते ३५ मध्ये. ऑलिम्पिकच्या ५० मीटर लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे तिथे लिव्हरला जागा नाही हे उघड आहे. पण या आकड्यांत काडतुसाचा वाटा केवढा आहे ते पाहा.

साध्या, मोठ्या खोक्यात येणाऱ्या काडतुसांमध्ये एका गोळीचा वेग ३१० तर दुसरीचा ३३० मीटर असणं काही विशेष नाही. नळी अगदी त्याच जागी रोखलेली असली तरी ५० मीटरवर संथ गोळी वेगवान गोळीपेक्षा दीड सेंटीमीटर खाली लागते. अंतर दुप्पट केलं तर? घसरण वेळेच्या वर्गाने वाढते, म्हणून १०० मीटरवर हा फरक सहा सेंटीमीटरच्या आसपास जातो. इथे जगातली कुठलीही बोल्ट रायफल काही करू शकत नाही. सेंटरफायरवाले, म्हणजे बुडाच्या मध्यावर फटका बसून पेटणारी काडतुसं वापरणारे, स्वतः दारू तोलून काडतूस भरतात; रिमफायरमध्ये तो मार्ग बंद. म्हणून अव्वल नेमबाज रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी-बोगद्यात जातात, ती शिकंज्यात बसवतात आणि एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे एका वेळी बनलेले गट, मारून पाहतात. जुळला तो लॉट पेट्यांनी घेतात.

शिवाय चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेने वाढतात. समजा बोल्टचा स्वतःचा पसारा ८ मिलिमीटर, लिव्हरचा १४. टेकूवर नेमबाजाची चूक ४ धरली, तर कागदावर ९ आणि १४.५ दिसतील, फरक डोळ्यांत भरतो. तोच नेमबाज उभा राहून मारायला लागला आणि त्याची चूक २० झाली, तर आकडे येतात २१.५ आणि २४.४. आधी दीडपटीहून मोठा असलेला फरक आता तीन मिलिमीटरांवर आला. त्यात उघड्या साइट्स असतील तर डोळ्याची मर्यादाही आली: एक मिनिटाचा कोन, ५० मीटरवर साडेचौदा मिलिमीटर. बोल्टवर दुर्बीण, लिव्हरवर मागच्या उघड्या साइटची खाच, आणि मग ‘बघा, बोल्टच भारी’ असा निकाल देणारे महाभाग मात्र बरेच आहेत.

दुसरी फसवणूक तीन गोळ्यांच्या ग्रुपची, म्हणजे कागदावरच्या भोकांच्या पुंजक्याची. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच टेकू असताना दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सुमारे ६० टक्के मोठा येतो, निव्वळ संख्याशास्त्रामुळे. पाच गोळ्यांचे ग्रुपसुद्धा आपल्या सरासरीच्या पाव हिश्श्याने सहज मागे-पुढे होतात. एकेक ग्रुप मारून दोन रायफलींची तुलना करणं म्हणजे नाणेफेकच.

लिव्हर रायफल सुधारता येत नाही असं नाही. नळीवरचे पट्टे आवळून न ठेवता जरा मोकळे करणं, मागे छिद्राची साइट बसवणं, जाणत्या कारागिराकडून चाप हलका करून घेणं, याने कागदावर फरक दिसतो. काडतूस मॅगझिनमधून न घेता हाताने एकेक आत सरकवलं तर गोळीचं नाकही वाचतं. पण मग भराभर मारण्याचा तिचा गुणच गेला, आणि झोपून मारायचं तर लिव्हर जमिनीला लागते ती लागतेच.

तरी कुणाला स्वतः पडताळायचंच असेल, तर दोन्ही रायफलींवर तीच दुर्बीण लावावी, निदान तीन-चार प्रकारची काडतुसं घ्यावीत, आणि प्रत्येकाचे दहा गोळ्यांचे अनेक ग्रुप मारावेत. लिव्हरच्या मॅगझिनमध्ये मात्र प्रत्येक ग्रुपच्या आधी काडतुसं मोजून तितकीच भरावीत.